खडशीचं माहेर

"ही गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, चावायची नाही. कळलं का हैबतराव?"

"कळलं बाई."

"काय कळलं ते सांगा."

"जिभंखाली. गिळायची न्हाई."

मालतीबाईंनी गोळ्यांची पट्टी स्वतःच्या हाताने माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला. "यांच्या खिशात दिली तर हे घेणार नाहीत. छातीत दुखलं तरी सांगणार नाहीत. तेव्हा लक्ष तुम्ही ठेवायचं. दमू द्यायचं नाही. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलीय, आणि हे निघालेत नदीवर. तासाभरात परत, समजलं?"

"बाई, त्यांच्या जिवाला काय हुणार न्हाई. माझा शब्द."

"तुमचा शब्द!" बाई हसल्या. "माशाने गजराचं घड्याळ गिळलं आणि पहाटे पाचला डोहातून घंटा वाजते, हे कोणी सांगितलं होतं मला?"

"त्ये खरंच हाय बाई. आता चावी संपलीया."

पायरीवर बसून बूट चढवणारे बेहेरेसाहेब मान वर न करता म्हणाले, "चल रे हैबती. ती तुला गोळ्या मोजायला लावेल आता."

या गोष्टीला तीस वर्षं झाली. तेव्हा मी धरणावरच्या सरकारी बंगल्याचा खानसामा होतो. बंगला डोंगराच्या कडेला, खाली नदी, वीज असली तर असली. कोंबडी मी बरी करायचो, पण नुसत्या कोंबडीसाठी पाहुणा दुसऱ्यांदा एवढा घाट चढत नाही. तो यायचा माझ्या थापांसाठी. रस्सा वाढता वाढता मी एक मासा सोडायचो आणि भात येईपर्यंत तो मासा टेबलाएवढा व्हायचा. खोटं बोलून कुणाचं वाईट केलं नाही. हौस, दुसरं काय. हल्ली मात्र माझे मासे लहान झालेत. हात पसरून दाखवायला गेलं की खांदा दुखतो.

तेव्हा आज सांगतोय तो मासा जेवढा होता तेवढाच आहे.

अच्युतराव बेहेरे पुण्याच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अकरा वर्षं दर फेब्रुवारीत पाच दिवस यायचे. मासे धरायचे आणि सोडून द्यायचे. असला कोळी मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडे भोई मंडळी जाड दोरा, मोठा गळ आणि कणकेचा गोळा लावून बसतात. साहेबांची काठी निरगुडीच्या ओल्या फोकासारखी, दोन बोटांत धरता येईल अशी. तिला मुठीएवढं रीळ. रिळावर केसासारखं बारीक तंगूस, आणि टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा पितळी चमचा. चमचा लांब फेकायचा आणि रीळ फिरवत आणायचा, की तो पाण्यात गरगरतो, चमकतो. माशाला वाटतं चिमुकली मासोळी चाललीय. तो झडप घालतो.

पहिल्या वर्षी आमचा बाळू भोई ते तंगूस उन्हात धरून म्हणाला होता, "साहेब, ह्याच्यानं डास धरणार व्हय?"

साहेब म्हणाले, "जाड दोऱ्याने कुणीही ओढतो. बारीक दोऱ्याने माशाला विचारावं लागतं, येतोस का."

"आन् न्हाई म्हनला तर?"

"तर जाऊ द्यायचं."

बाळू हे वाक्य पुढे वर्षभर गावात सांगत होता आणि गाव हसत होतं.

त्या वर्षी साहेब आले ते वाळून. दिवाळीत छातीचा झटका येऊन गेला होता. डोळ्यांचंही काही बिनसलं होतं. चाळीस पावलांपलीकडे सगळं धुरकट दिसतं म्हणाले. सामान खोलीत ठेवलं तेव्हा मला हळूच सांगितलं, "हैबती, ही शेवटची खेप. पुढच्या वर्षी ही मला गाडीतसुद्धा बसू देणार नाही." पहिले दोन दिवस बाईंनी व्हरांड्यातून हलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तासाभराची सुट्टी मिळाली. गोळ्यांसकट.

बंगल्यापासून नदी अर्धा मैल. एरवी साहेब पुढे आणि मी धापा टाकत मागे. त्या दिवशी ते दर पन्नास पावलांवर थांबत होते.

"तो बघ, धीवर पक्षी."

मी बघायचो. धीवर कुठला, वाळलेली फांदी. पण साहेबांचा श्वास लागलेला असायचा. मग मीही म्हणायचो, "व्हय की, निळा हाय नुसता." पुढच्या वेळी ते थांबायच्या आत मीच खाली बसायचो, वहाणेचा अंगठा नीट करायला. नदीवर पोचेपर्यंत मी तो अंगठा सहा वेळा नीट केला. साहेब म्हणाले, "नवीन घे की रे वहाणा." मी म्हणालो, "घ्यायला पायजे." दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघेही बोललो नाही. अशा बाबतीत आम्ही एकमेकांना फार सांभाळून घ्यायचो. पुढे जे झालं ते त्या सांभाळण्यानेच झालं.

आता नदीचं सांगतो, म्हणजे घोटाळा व्हायचा नाही. आम्ही उभे राहायचो तो सपाट कातळ. तिथून वरच्या अंगाला नदीच्या मधोमध एक शेंदूर फासलेला दगड आहे, बसलेल्या म्हशीएवढा. तो पाणजाईचा दगड. त्याच्या अलीकडची नदी गावाची, पलीकडचा डोह देवीचा. देवीच्या डोहातला मासा धरायचा नाही. गावात कुणी धरत नाही, दारू प्यालेलासुद्धा नाही. आणि नेमाचा दुसरा भाग असा, की अलीकडे गळाला लागलेला मासा जर ओढत ओढत दगडापलीकडे शिरला, तर दोरा कापायचा. तिथल्या तिथे. आमच्या नदीतला मोठा मासा म्हणजे खडशी, शहरातले लोक महाशीर म्हणतात ती. ती दगड ओलांडून गेली की गावात म्हणतात, "माहेरी गेली." माहेरी गेलेल्या बाईला कोण ओढून आणतं? कापायचा दोरा, हात जोडायचे, घरी जायचं. त्यात लाज नाही. माझ्या बापाने कापलाय, मी कापलाय. उलट असा मासा सोडून आलेल्याला घरी गरम पाणी, गोड जेवण.

साहेब हा नेम आमच्यापेक्षा कडक पाळायचे. अकरा वर्षांत दोनदा त्यांनी चांगली खडशी अशी घालवली होती. मी नुसतं "माहेरी गेली" म्हणायचा अवकाश, की त्यांची कात्री चाललीच.

तर त्या दुपारी तीन वाजता साहेबांनी पहिला चमचा फेकला. हात थरथरत होता, पण फेक अजून तशीच, आवाज नाही पाण्यावर. तासाभरात वीतभर दोन मासोळ्या आल्या, सोडल्या. मी म्हणालो, "साहेब, घटका भरली. बाई वाट बगत असतील."

"एक शेवटची."

"मगाशी पन शेवटचीच हुती."

"ती शेवटून दुसरी होती."

ती शेवटची फेक पाण्यावर पडली, रिळाचे चार वेढे झाले, आणि काठी वाकली. वाकली म्हणजे तिचा शेंडा पाण्याला टेकला. रीळ असं करकरलं की पलीकडच्या झाडावरची वानरं पळाली. (वानरं नसली तर नसू देत. करकरलं खरं.)

"हैबती!"

"बगतुया साहेब!"

"केवढी आहे?"

पाण्याखाली एक पिवळट पाठ वळली, शेपूट दिसलं. मी आयुष्यभर हात पसरून पसरून जी खडशी लोकांना दाखवत आलो होतो, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"मोटी हाय," मी म्हणालो. दुसरं काही सुचेचना.

"तू 'मोठी' म्हणतोस म्हणजे केवढी? तुझ्या हिशेबाने की माझ्या?"

"तुमच्या. देवाशप्पथ तुमच्या."

खडशी आधी खाली गेली, मग आडवी गेली, मग कातळाखाली दबा धरून बसली. ओढायचं म्हटलं असतं तर तंगूस एका झटक्यात तुटलं असतं. साहेब ओढत नव्हते. काठी हळूच उचलायचे, खाली आणताना दोन वेढे गुंडाळायचे, ती ओढू लागली की सोडायचे. अर्धा तास हेच. त्यांच्या मानेवर घाम आला. मग तोंडातून श्वास सुरू झाला. मी खिशातली पट्टी चाचपली.

"साहेब, छातीत काय हुतंय का?"

"काही नाही. मजेत आहे."

"जरा मी धरतो काठी. तुमी बसा."

"तू धरलीस तर ती तुझी खडशी झाली. मग मी इथे काय वारा घालायला आलोय?"

तेवढ्यात तिने तोंड फिरवलं आणि ती वर निघाली. सरळ. रीळ ओरडत होतं, तंगूस पाणी कापत चाललं होतं, आणि मी त्या रेषेमागे बघत होतो. दगड आला. दगडाच्या डाव्या अंगाने रेष गेली. पलीकडे दहा-बारा हात गेली आणि थांबली. डोहात एक बुडबुडा आला.

माहेरी गेली होती. काही शंकाच नव्हती. दिवसाउजेडी, माझ्या डोळ्यांसमोर.

साहेब डोळे बारीक करून वर बघत होते. त्यांना तिथे धुकंच दिसत असणार.

"हैबती, ती माहेरी गेली का रे?"

मी तोंड उघडलं. गेली साहेब, कापा, असं म्हणायला उघडलं. आणि माझ्या मनात आलं, शेवटची खेप. अकरा वर्षं हा माणूस येतो, वीतभर मासे मोजून सोडतो, आणि आज, शेवटल्या फेकीला ही आली. आता मी एक शब्द बोललो की संपलं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "अजून सासरीच हाय."

जन्मभर शेकडो थापा मारल्या, एकीलाही जीभ अडखळली नव्हती. हिला मात्र अडखळली. मी पाणजाईकडे पाठ केली.

साहेबांनी पुन्हा काठी उचलली. दोन वेढे. पुन्हा उचलली. दीड वेढा. खडशी डोहाच्या बुडाला धोंड्यासारखी बसली होती. उन्हं उतरली. साहेबांच्या ओठांचा रंग मला आवडेना. मी पट्टीतून गोळी काढली. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून लहान मुलाला भरवतात तशी माझ्या हाताने जिभेखाली ठेवली.

"गिळू नगा."

"मला ठाऊक आहे," ते गोळी सांभाळत पुटपुटले. मग काही वेळाने, "हैबती, नीट बघ. दगडाच्या अलीकडे आहे ना?"

"अलीकडंच."

"नक्की?"

"हाताच्या अंतरावर हाय साहेब. पर अलीकडं."

"बरं."

कमरेला विळ्याचं पातं होतं माझ्या. दोन पावलं पुढे व्हायचं, तंगूसाला नुसतं लावायचं. ते दोन पावलांचं अंतर मला काही केल्या चालवेना. एकदा वाटायचं, बाईंना शब्द दिलाय, ह्या माणसाला इथे काही झालं तर मी कुठल्या तोंडाने बंगल्यावर जाऊ? लगेच वाटायचं, आता एवढं झालंय, आता कापलं तर तो माणूस आयुष्यभर हीच घालवलेली खडशी घेऊन बसेल. आणि खरं सांगायचं तर तिसरीही एक गोष्ट होती, ती तेव्हा मी स्वतःलाही सांगितली नाही. मला ती बघायची होती. मला जन्मात एक तरी मासा असा पाहिजे होता, जो सांगताना वाढवावा लागणार नाही.

साडेपाचच्या सुमाराला साहेबांचे गुडघे लटपटले. मी मागून कमरेला धरलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"अजून सासरीच का रे?"

"अजून सासरीच."

त्यांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. "बरं," म्हणाले, "मग ओढलं पाहिजे."

आणि खडशी सुटली. सुटली म्हणजे गळातून नव्हे, बुडापासून. तीही थकली होती. दगडाच्या बाजूने एका कुशीवर कलंडत, शेपूट एकदा मारून चारदा थांबत, ती आमच्याकडे वाहत आली. मी छातीभर पाण्यात उतरलो, शेपटाच्या वरची बारीक जागा दोन्ही हातांनी धरली आणि तिला उथळात आणली. साहेब काठी टाकून माझ्याशेजारी पाण्यातच बसले, बुटांसकट, कमरेपर्यंत. शिंप्याची टेप त्यांनी खिशातून काढली, पण बोटांना ती उलगडेना. मी उलगडली. सव्वातीन फूट. खवले रुपयाएवढे, कडेला तांबूस सोनेरी. पितळी चमचा ओठाच्या कोपऱ्यात अडकला होता. गळ जवळजवळ सरळ झालेला, बोट लावताच निघाला.

मला वाटलं साहेब आनंदाने ओरडतील. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

"दमली रे बिचारी."

"व्हय साहेब."

"घाई करू नकोस. धरून ठेव. श्वास येऊ दे तिचा."

तिचं तोंड धारेकडे करून मी तिला दोन्ही हातांवर तोलून धरली. कल्ले उघडत होते, मिटत होते. शेजारी साहेबांची छाती तशीच उघडत होती, मिटत होती. कुणाचा श्वास आधी येतो याचीच मला धास्ती. आधी तिचा आला. तिने माझे हात बाजूला सारले आणि सावकाश, अजिबात घाई न करता, वर गेली. दगडापलीकडे.

साहेबांना उठता येईना. दुसरी गोळी दिली, पाठीवर घेतलं. काठी त्यांनी पुन्हा हातात घेतली होती, ती माझ्या डोक्यावरून झेंड्यासारखी पुढे. अर्धा मैल चढ. त्यांचं वजन फार नव्हतं. मला जड झालं ते दुसरंच.

"हैबती, थांबू या का? तो बघ धीवर."

"बगितला साहेब," मी म्हणालो, आणि थांबलो नाही.

मालतीबाई पायरीवर उभ्या होत्या. तासाचे साडेतीन तास झाले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नवऱ्याचे ओले बूट काढले, माझ्यापुढे हात केला, आणि मी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. दोन गोळ्या उरल्या होत्या. बाईंनी त्या बघितल्या, मला बघितलं आणि आत गेल्या.

धरणाच्या दवाखान्यातले डॉक्टर जीपने येऊन गेले. म्हणाले, या खेपेला निभावलं, आज पडून राहू द्या, उद्या यांच्या डॉक्टरांकडे पुण्याला न्या.

सकाळी उजाडताच मी नारळ घेऊन गुरवाकडे गेलो. देवीचा मासा धरला तर गुरवापुढे कबूल करायचं, तो सांगेल ते करायचं, असा नेम. गुरव म्हैस पिळत होता.

"रामू गुरवा, पाणजाईची खडशी धरली काल. माहेरातनं ओढून आनली."

त्याने धार थांबवली नाही. "केवढी हुती?"

"दोन हातांवर चार बोटं."

"आन् कशानं धरली?"

"साहेबांच्या त्या केसावानी तंगूसानं."

"हैबत्या," तो म्हणाला, "नारळ घरी घिऊन जा. चटणी कर. सकाळच्या पारी देवीला तरी थापा मारू नगंस."

नारळ मी पाणजाईच्या दगडावर फोडला आणि परत आलो.

साहेब व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत होते, अंगावर घोंगडी. आत बाई सामान भरत होत्या, ट्रंकेचं झाकण वाजत होतं. मी चहा आणला. त्यांना कप उचलवेना, हात लाकडासारखे झाले होते. मी बशीत ओतून बशी ओठांना लावली.

दोन घोट झाल्यावर ते म्हणाले, "हैबती, ती माहेरी गेली होती ना?"

बशी हलली. चहा घोंगडीवर सांडला.

"व्हय साहेब."

"मला ठाऊक होतं."

"तुमास्नी तर दिसत न्हवतं!"

"दिसायला कशाला पाहिजे? रिळाच्या तळाशी सुती दोरा असतो, त्याच्यावर तंगूस. त्या कातळावर उभं राहून मासा दगडापलीकडे गेल्याशिवाय सुती दोरा बोटाला लागत नाही. अकरा वर्षांचं बोट आहे. लागला तेव्हाच कळलं."

मी खाली बसलो. पायरीवर नाही, जमिनीवरच.

"मग मला इचारलं कशाला साहेब? तीन तीन येळा?"

त्यांनी खाली नदीकडे बघितलं. त्यांना तिकडे काय दिसत होतं कोण जाणे.

"दमलो होतो रे," ते म्हणाले. "फार दमलो होतो. तू एकदा 'माहेरी गेली' म्हणाला असतास, तर कापून मोकळा झालो असतो."

"मग तुमीच दोरा कापायचा हुता!"

"कसा कापू? मी दमलो म्हणून कापला असता तर तिला मी टाकली असती. माहेरी गेली म्हणून कापला की त्यात कुणाची हार नाही. ते तुमच्या गावाचं फार चांगलं आहे. आणि तू... तू काय स्वतःला बघितलं नाहीस काल. करवलीसारखा नाचत होतास त्या कातळावर. म्हटलं, याला एवढी पाहिजे आहे, तर ओढू."

"मला?" मी म्हणालो. "मला वाटलं तुमास्नी पायजे."

"मला वाटलं तुला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हसायला पाहिजे होतं. आलं असतं हसू, पण दोघांच्याही अंगात तेवढं त्राण नव्हतं.

"आन् तिला बिचारीला कुनी इचारलंच न्हाई," मी म्हणालो.

"तिने सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "आपण ऐकलं नाही."

बाई बाहेर आल्या. मागे ड्रायव्हर ट्रंक घेऊन. फाटकाशी धरणाची जीप लागली होती. साहेबांनी लगेच घोंगडी बाजूला केली आणि खुर्चीत ताठ झाले.

"एवढी काय घाई चाललीय? दोन दिवस बाकी आहेत आपले. राहू की. मी ठणठणीत आहे."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना सांगायलाच ठेवलेलं असतं. माझं मला कळतंय ना? हे बघ." त्यांनी उजवा हात उचलला. तो खुर्चीच्या हातापासून चार बोटं वर आला, तिथे थरथरत राहिला. त्यांनी तो असा खाली ठेवला, जसं काही काम झालं म्हणूनच ठेवला.

मालतीबाईंनी ते बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. काल पायरीवर उभ्या राहिल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"हैबतराव, तुम्ही सांगा. काल दुपारभर तुम्ही होतात यांच्याबरोबर. ठणठणीत आहेत हे?"

साहेब माझ्याकडे बघत होते. घोंगडीवरचा चहा त्यांनी तळव्याने झाकला होता.

"न्हाईत बाई," मी म्हणालो. "लई दमल्यात. काल जातानाच दमलं हुतं. खडशी लागायच्या आधीच दमलं हुतं. मी बगत हुतो आन् बोललो न्हाई. घरी न्या त्यास्नी."

वाटलं, आता रागावणार. अकरा वर्षांचं सगळं या एका वाक्यात गेलं, असं वाटलं. साहेबांनी हळूच मान मागे टेकली. खांदे खाली आले.

"ऐकलंस ना?" ते बायकोला म्हणाले. "हैबतीच म्हणतोय. मग आता काय, गेलंच पाहिजे."

दोघांनी धरून त्यांना जीपमध्ये बसवलं. बाई शेजारी बसल्या. ड्रायव्हरने मागचं दार लावलं, ते नीट लागेना, पुन्हा उघडून लावलं. तेवढ्या वेळात साहेबांनी माझ्यासमोर, ड्रायव्हरसमोर, कसलाही संकोच न करता बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. मी खिडकीशी गेलो. निरोपाचं काहीतरी बोलणार होतो. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

गाडी सुरू व्हायच्या आत साहेब घोरायला लागले होते.